घराला रिकामं म्हणू नये

आमच्या घरात काही शब्दांना मज्जाव होता. तांदूळ संपले असं आई कधी म्हणायची नाही, 'तांदूळ वाढले' म्हणायची. बांगडी फुटली तर ती वाढवली, आणि घरातून निघताना चुकून 'जाते' म्हटलं तर उंबऱ्यावरून परत बोलावून 'येते' म्हणायला लावायची. एवढं थोडंफार सगळ्याच घरांत असतं. पण आईचा एक नियम मी दुसऱ्या कुणाकडे पाहिला नाही. डबा रिकामा चालायचा, डोकं रिकामं चालायचं (माझ्या डोक्याला तर ती तो शब्द रोज लावायची), पण घराला रिकामं म्हटलेलं तिला खपत नसे. कोकणातल्या आमच्या गावात निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं सगळी मुंबईला. त्यातल्या एकाही घराला तिने रिकामं म्हटलेलं मला आठवत नाही. "बंद आसा म्हणायचा," ती मालवणीत सांगायची. "घराक रिकामा म्हणू नये. आयकता ता." मी हसायची. पन्नाशी उलटल्यापासून मीही तो शब्द टाळते, आणि माझा मुलगा मला हसतो.

वडील मी लहान असतानाच गेले होते. आई वसईजवळ सातिवलीला कारखान्याच्या एका गाळ्यात छत्र्यांना मुठी बसवायचं काम करायची, आणि आम्ही दोघी भाड्याच्या खोल्यांतून फिरत होतो. तिकडे करार अकरा महिन्यांचा असतो, आणि तो संपला की मालक हसतमुखाने भाडं वाढवतो किंवा हसतमुखाने बाहेर काढतो. वसईची, नालासोपाऱ्याची, विरारची किती स्वयंपाकघरं मी पाहिली त्याची गणती नाही. प्रत्येक ठिकाणी नळाचा आवाज वेगळा आणि शेजारच्या फोडणीचा वास वेगळा. आमचा मात्र एक आवाज कायम होता, तो आडाळ्याचा. आडाळा म्हणजे आमच्याकडची बसून नारळ खवायची विळी. सामान हलवताना तो एकदा टेम्पोतून पडला आणि त्याच्या पाटाचा एक पाय तुटून आखूड झाला. तेव्हापासून आई नारळ खवायला बसली की दोनदा खरवडल्यावर पाट कलायचा. खर्र, खर्र, टक. खर्र, खर्र, टक. नव्या खोलीत सगळ्यात आधी आडाळा आत जायचा आणि जुन्या खोलीतून सगळ्यात शेवटी तोच बाहेर पडायचा. शाळेतून आले की जिन्यातच तो आवाज यायचा, मग सोलकढीचा वास, मग हाक, "सुमे, पान वाढ गो." नाव माझं सुमन, पण आईच्या तोंडी मी सुमी. मी "इलंय, आये!" म्हणजे आले गं आई, असं ओरडून दप्तर कोपऱ्यात टाकायची. खोली कुणाचीही असो, हे ऐकलं की ती आमची व्हायची.

मी बारावीत असताना आईने एकाएकी जाहीर केलं की आता घर घ्यायचं. गाळ्यात पगाराची पावती मिळत नसे, त्यामुळे मोठ्या बँकांनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. राहिली विरारजवळच्या आगाशीच्या बाजारातली पतपेढी. तिथे आईचं रोजचं पिग्मीचं खातं होतं आणि तिथली माणसं तिला ओळखत होती. जामीनदार म्हणून गाळ्यातल्याच दोन मैत्रिणी उभ्या राहिल्या. शिवाय सरकारची एक योजना निघाली होती, घर एकट्या बाईच्या नावावर असेल आणि तिचं दुसरं कुठेही घर नसेल तर व्याजात सूट. 'माझ्या नावावर कुठेही घर नाही' असं आईला लिहून द्यावं लागलं. तेव्हा ती म्हणाली, "असला लिहूक जीव जाता गो," आणि सही केली. फ्लॅट नंदाखालकडे जाणाऱ्या रस्त्याला होता, केळीची वाडी मोडून बांधलेल्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मालक आखातात नोकरीला. त्याने तो बांधकाम चालू असतानाच घेऊन ठेवला होता आणि एक दिवसही तिथे राहिला नव्हता. त्या घरात तोपर्यंत कधीच कुणी राहिलं नव्हतं, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. मालक सुट्टीवर आला होता, विसार घेऊन त्याने किल्ली आईच्या हातात ठेवली आणि बजावलं की परत जायच्या आत कर्ज मंजूर झालं नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. इकडे आमचे अकरा महिनेही भरत आले होते. म्हणजे पतपेढीने हो म्हटलं तर जन्मभराचं छप्पर, नाही म्हटलं तर पुन्हा टेम्पो.

कर्ज देण्याआधी न सांगता जाऊन चौकशी करायची, ही त्या पतपेढीची रीत होती. ते काम राऊतांकडे होतं. राऊत तिथल्याच जुन्या बागायतदार घरातले. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत नेहमी घरच्या सुकेळ्यांचं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं असायचं, आणि कर्ज मिळो न मिळो, समोरच्याच्या हातावर एक सुकेळं ते ठेवायचेच. एका दुपारी त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. सुकेळं दिलं, पण चेहरा पडलेला.

"ताई, तुम्ही लिहून दिलंत की फ्लॅट बंद आहे," ते म्हणाले. "तिथे तर भाडेकरू आहेत. भाडेकरू असलेल्या जागेवर आमची कमिटी कर्ज देत नाही, उद्या ते उठलेच नाहीत तर?"

"कोण भाडेकरू?" आईने विचारलं.

"एक बाई आणि तिची मुलगी. खालच्या मजल्यावरच्या जनाबायने सांगितलं, समोरच्या सेक्रेटरींनीही तेच सांगितलं. दोघींना कुणी नीट पाहिलेलं नाही, पण रोज संध्याकाळी आवाज येतो. बाई नारळ खवते. मग मुलीला जेवायला हाक मारते. सुमी का काहीतरी नाव आहे मुलीचं."

माझ्या तोंडातलं सुकेळं तिथेच राहिलं. राऊतांनी माझ्याकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "तुझं नाव काय गं, बाळ?" मी सांगितलं नाही. आईनेच सांगितलं, अगदी शांतपणे. त्यावर राऊतांनी हातातलं पेन बंद करून खिशाला लावलं. मग म्हणाले, की शनिवारी कमिटीची बैठक आहे, त्याच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः दार उघडून बघायला येतील.

मला आईचाच संशय आला. महिनाभर ती ओव्हरटाइम सांगून उशिरा घरी येत होती. मनात म्हटलं, ही बया किल्ली मिळाल्यापासून तिथे जाऊन संसार थाटतेय, आणि हिच्याच हौसेपायी हिचं कर्ज बुडणार. पण मग आडाळ्याचं काय? आडाळा आमच्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर, मोरीच्या कडेला होता. आईला यायला उशीर म्हणून त्या महिन्यात नारळ मीच खवत होते. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून थेट त्या इमारतीत गेले. तिन्हीसांजा झाल्या होत्या. मागे उरलेल्या केळींवर वटवाघळं उतरत होती आणि जिन्यात अजून दिवे लावलेले नव्हते. खालच्या मजल्यावर जनाबाय दारात मासळी साफ करत बसली होती. ती तिथल्याच भातशेतीच्या गावातली, मोठ्या तोंडाची आणि मोठ्या मनाची बाई. मला बघून म्हणाली, "वरती चाललीस? त्यांना सांग, नारल खवायची विली नीट करा. टक टक टक, डोकं उठवलान माजं." मी हो म्हटलं आणि भिंतीला धरून वर गेले.

दाराबाहेर मला तो ऐकू आला. खर्र, खर्र, टक. माझा राग उफाळून आला. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं आणि बोलायला तोंड उघडलं. बाहेरच्या खोलीत, उघड्या फरशीवर, भिंतीला पाठ टेकून आई बसली होती. दोन्ही हात मांडीवर. डबा आणि छत्री बाजूला. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती, आणि आवाज तिथून येत होता. तिने माझ्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं. खर्र, खर्र, टक. आतून ताज्या खोबऱ्याचा वास आला. मग आवाज थांबला, कुणीतरी तळहात झटकले, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "सुमे, पान वाढ गो." मी आईच्या तोंडाकडे बघत होते. ते मिटलेलं होतं, बोट अजून त्यावरच होतं. आणि तिच्यामागच्या, आतल्या खोलीतून उत्तर आलं, "इलंय, आये!" ते मी म्हटलं होतं. म्हणजे मी म्हटलं नव्हतं, पण तो आवाज माझा होता. स्वतःचा आवाज आपण बाहेरून कधी ऐकत नाही. तो ऐकल्यावर मी पळाले. मी जिना कसा उतरले ते मला आजही आठवत नाही. जनाबायने मला धरलं, पाणी पाजलं आणि कुणाची तरी दृष्ट म्हणून तिखट-मीठही ओवाळून टाकलं.

त्या रात्री मी आईशी कडाकडा भांडले. म्हटलं, मला ते घर नको, मी तिथे पाऊल टाकणार नाही, मी फूटपाथवर राहीन. आई ताटात भात कालवत राहिली. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "पयल्या दिवशी माका पण भिया वाटला. मगे आयकलंय नीट. आपणच आसव गो ती."

"आपण इथे आहोत, आये! इथे, या खोलीत!"

"आज हय आसव. फुडे थय." तिने मला घास भरवायला हात पुढे केला, मी तोंड फिरवलं. "इतक्या वर्सांत एक तरी घर आपली वाट बघत होता काय? ह्या बघता हा. भियाचा काय त्यात? आपल्याच आवाजाक कोण भिता?"

मी भीत होते, आणि खोटं कशाला लिहू, तिच्या त्या समाधानी चेहऱ्याला जास्त भीत होते. कर्ज नामंजूर व्हावं म्हणून मी त्या रात्री देवाला हात जोडले. आई शेजारी गाढ झोपली होती.

शुक्रवारी संध्याकाळी राऊत आले. बरोबर इमारतीचे सेक्रेटरी जाधव होते. साताऱ्याकडचे, मंत्रालयात नोकरीला, आणि भुताखेतांवर विश्वास नाही हे दर चार वाक्यांनी सांगणारे. जनाबाय पदर खोचून मागोमाग चढली. मला यायचं नव्हतं, पण खोलीत एकटीने बसायची त्याहून भीती वाटत होती. दाराला कुलूप होतं. किल्ली आईच्या पिशवीत. आणि आत नारळ खवला जात होता. पाचही जण ऐकत उभे होतो. जाधव म्हणाले, "बघा, मी सांगत होतो, भाडेकरू आहेत," आणि लगेच त्यांचं लक्ष बाहेरच्या कुलपाकडे गेलं, तसे ते एक पायरी खाली उतरले.

आईने कुलूप उघडलं. आवाज थांबला. राऊत चपला काढून आत गेले, जसे लोक कुणाच्या नांदत्या घरात जातात तसे. सगळ्या खोल्या हिंडले, संडासात डोकावले, स्वयंपाकघराच्या ओट्यावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. कोरा ओटा, नळाला अजून पाणी जोडलेलं नाही. तिथे ते थांबले आणि श्वास आत ओढला. वास सगळ्यांनाच येत होता.

"ही वाडी आमच्या चुलत्यांची," ते हळू आवाजात म्हणाले. "विकली तेव्हा फार रडले होते. ते म्हणायचे, इथे लावणी करायच्या आधीच केळफुलाचा वास येतो. आम्ही म्हणायचो, काका, वय झालं तुमचं." मग ते आईकडे वळले. "ताई, कमिटीला काय सांगू? फ्लॅट रिकामा आहे असं तुम्ही म्हणा, मी तसं लिहितो. बाकीचं माझ्यावर सोडा."

नामंजूर व्हावं म्हणून हात जोडलेली मी, पण आता माझाच जीव टांगणीला लागला. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता तिला. तो बोलली की घर मिळणार होतं. आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि राऊतांना कळावं म्हणून नीट पुस्तकी मराठीत म्हणाली, "साहेब, रिकामं मी म्हणणार नाही. रिकामं नाही हे."

"मग कोण राहतं इथे?"

"आम्ही राहतो," आई म्हणाली. "मी आणि माझी मुलगी."

जाधव काहीतरी पुटपुटले. जनाबायने आईकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि एकदम तोंडावर हात नेला. मला वाटतं, तिला त्या क्षणी आमचे आवाज ओळखू आले. बाहेर वटवाघळांची फडफड चालली होती. राऊतांनी कागद ओट्यावर ठेवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "भाडेकरू नाही. ताबा खरेदीदाराकडे." वर म्हणाले, "किल्ली तुमच्याकडे आहे, राहता तुम्ही. यात खोटं काय आहे?" आणि खिशातलं सुकेळं काढून त्यांनी आईला न देता त्या कोऱ्या ओट्यावर ठेवलं.

कर्ज मंजूर झालं. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी आडाळा आधी आत गेला. मी दाराशीच घुटमळत होते, आईने हाताला धरून ओढलं. त्या संध्याकाळी तिने नारळ फोडला. खर्र, खर्र, टक. वास आला, तिने तळहात झटकले. "सुमे, पान वाढ गो." माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "इलंय, आये!" मग आम्ही दोघीही गप्प बसून ऐकत राहिलो. घरात दुसरा आवाज नव्हता. त्यानंतर कधीच आला नाही. जनाबाय खालून ओरडली, "आता तरी विली नीट करा!" आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आडाळा तिने शेवटपर्यंत दुरुस्त केला नाही.

आई गेल्याला आता दुसरं वर्ष लागलं. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले त्याला जमाना झाला, आणि त्या घराला कुलूप आहे. विकायचं ठरवलं तेव्हा एक जोडपं आलं, दोघंही नोकरी करणारी. बायकोचं नाव प्राजक्ता. उगाच बोभाटा नको म्हणून मी आडनाव लिहीत नाही. घर तिच्या नावावर होणार, कारण आताही अशीच एक योजना आहे. व्यवहाराचं बोलताना तिने आपण होऊन सांगितलं, की आम्ही दोघंच आहोत, मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून लहान घर पुरे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या कर्जाची तपासणी होती. मोबाइलवर भराभर फोटो काढणारा एक तरुण अधिकारी आला. मी कुलूप काढायला गेले होते, प्राजक्ता बरोबर होती. खालच्या मजल्यावर आता जनाबायची सून राहते. ती दारात आली आणि म्हणाली, "ताई, बरं झालं आलात. वर कोण राहायला ठेवलंय? रोज आवाज येतो."

माझं काळीज लक्कन हललं. भीतीने नाही. त्या घराच्या विक्रीच्या कागदांवर सह्या करताना मी आईला दुसऱ्यांदा पोचवत होते, आणि आता ही बाई सांगत होती की ती वर आहे. मी तिचा हात धरला. विचारलं, "नारळ खवल्यासारखा येतो ना? खर्र, खर्र, टक?"

"नाही हो," ती म्हणाली. "पोराचा येतो. तीन चाकांची सायकल फिरवतं घरभर. भिंतीवर आपटतं आणि खदखदून हसतं. एवढं सांगा त्याच्या आईला, दुपारची वेळ सोडून खेळू दे."

अधिकारी माझ्याकडे बघत होता. मी जिन्यात उभी राहून कान लावला, आईसाठी लावला, अगदी देवाची शपथ. वरून चाकांची घरघर आली, मग धप्प, मग एक हसणं, अनोळखी, बोबडं. आईचा काही आवाज नव्हता. मला फार रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही. प्राजक्ता कठड्याला धरून वर बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण ती पळाली नाही. मी पळाले होते.

"मॅडम, फ्लॅट रिकामा आहे असं लिहू ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "लिहा, ताबा खरेदीदाराकडे." आणि व्यवहाराचं काहीही पुरं झालेलं नसताना मी किल्ली प्राजक्ताच्या हातात ठेवली. तिची बोटं मी मिटवली आणि म्हटलं, "संध्याकाळी ऑफिसातून आलीस की इथे येऊन नुसती बसत जा."